हातोहात आलेलं भोपाळ

१९ जून १९८४ रोजी भोपाळमध्ये एक संग्रहालय सुरू झालं. त्यात मूर्ती नव्हत्या, नाणी नव्हती, तलवारी तर नव्हत्याच. होती ती जुनी वर्तमानपत्रं, मासिकांचे सुटे अंक, पुस्तकं आणि पत्रं, म्हणजे लोकांच्या माळ्यावर, ट्रंकांत आणि कपाटांच्या तळाशी वर्षानुवर्षं पडून राहिलेला कागद. पत्रकार विजयदत्त श्रीधर यांनी तो गोळा करायचं मनावर घेतलं आणि संग्रहाला नाव दिलं माधवराव सप्रे यांचं. १९ जून हा सप्र्यांचा जन्मदिवस. आज हिंदी पत्रकारितेवर काम करणाऱ्या अभ्यासकाला ‘माधवराव सप्रे स्मृती समाचारपत्र संग्रहालया’ची पायरी चढावीच लागते. तिथला कितीतरी कागद कधीकाळी कुणाच्या तरी घरात ‘आता याचं काय करायचं’ या प्रश्नापाशी येऊन थांबला होता. त्या दिवशी घरातल्यांनी दुसरं उत्तर दिलं असतं, तर तो किलोच्या भावाने गेला असता.

भोपाळमधल्या जुन्या पुस्तकांची ओळख करून द्यायची तर सुरुवात इथूनच करावी लागते. मुंबईत फाउंटनचे फुटपाथ, पुण्यात अप्पा बळवंत चौक, कोलकात्यात कॉलेज स्ट्रीट, दिल्लीत दर्यागंजचा रविवारचा बाजार (२०१९मध्ये तो फुटपाथवरून उठून महिला हाटमध्ये गेला), अशी नावं घेतली की जुन्या पुस्तकांचा व्यापार डोळ्यांसमोर येतो. भोपाळचा व्यापार एवढा मोठा नाही. पण या शहरात जुन्या पुस्तकाला एक वेगळंच काम पडलं आहे. हे शहर बाहेरून आलेल्या माणसांनी भरलं आणि त्या माणसांनी आपली पुस्तकं बरोबर आणली. शहराने जे सोसलं, जे विसरायला नको होतं, त्याचाही बराचसा भाग अशाच कागदावर होता, जो कुणी जपला नाही तर उरत नाही. म्हणून भोपाळमध्ये जुन्या पुस्तकांचा ढीग उपसणं हे स्वस्तात वाचायला मिळवण्यापेक्षा मोठं काम आहे. हे शहर कसं घडलं, ते त्या ढिगात वाचता येतं.

सप्र्यांचंच उदाहरण घ्या. १८७१मध्ये दमोह जिल्ह्यातल्या पथरियात एका मराठी कुटुंबात त्यांचा जन्म झाला आणि त्यांनी आयुष्य वाहिलं ते हिंदीला. १९००मध्ये पेंड्र्याहून त्यांनी ‘छत्तीसगढ़ मित्र’ काढलं. १९०१ची त्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही छोटीशी गोष्ट हिंदीतल्या पहिल्या कथांपैकी एक मानली जाते. टिळकांच्या ‘केसरी’चा विचार हिंदी वाचकांपर्यंत नेण्यासाठी १९०७मध्ये नागपुरातून ‘हिंदी केसरी’ सुरू झाला, त्याच्यामागेही तेच होते. त्यापायी १९०८मध्ये त्यांना अटक झाली. पुढे ‘दासबोध’, टिळकांचं ‘गीतारहस्य’ आणि चिंतामणराव वैद्यांचा महाभारतावरचा ग्रंथ त्यांनी हिंदीत आणला. जुन्या पुस्तकांच्या ढिगात हिंदी ‘गीतारहस्य’ हाती लागलं, तर मुखपृष्ठावर टिळकांचं नाव दिसतं आणि आतल्या पानावर अनुवादक म्हणून सप्र्यांचं. महाराष्ट्रातल्या किती वाचकांना हे नाव ओळखीचं आहे? फार थोड्यांना. भोपाळने मात्र या मराठी माणसाच्या नावाने एक वास्तू उभी केली.

आता हा कागद भोपाळला आला कसा, ते पाहू.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी नवा मध्य प्रदेश झाला आणि भोपाळ त्याची राजधानी. तोवर भोपाळ हे एका लहान राज्याचं मुख्य ठिकाण होतं. जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होती नागपूर, आणि त्या प्रांताचा कारभार हिंदी आणि मराठी अशा दोन्ही भाषांचा. नव्या राज्यात सामील झालेल्या मध्यभारत राज्याची राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेर आणि उन्हाळ्यात इंदूर. म्हणजे ज्या शहरांतून सरकारी दप्तरं आणि माणसं भोपाळला हलली, त्यांतल्या या तिन्ही शहरांत मराठी रुजलेली होती. सचिवालयातले कारकून, हिशेबनीस, लघुलेखक, इंजिनिअर, शाळामास्तर बदलीचा हुकूम हाती घेऊन आले. त्याच सुमाराला सरकारने इथे अवजड वीजयंत्रांचा कारखाना काढायचं ठरवलं. तोच पुढे भेल झाला आणि त्याच्या पिपलानी, बरखेडा, गोविंदपुरा या वसाहतींत आणखी मराठी घरं वसली. टी. टी. नगर म्हणजे तात्या टोपे नगर. तिथल्या सरकारी क्वार्टरांत नागपुरी, ग्वाल्हेरी आणि इंदुरी मराठी शेजारी शेजारी नांदू लागल्या.

या घरांत सामानाबरोबर पुस्तकं आली. सगळ्या घरांत सारखी नव्हे, पण ओळखता येतील अशी: ‘ज्ञानेश्वरी’ आणि ‘दासबोध’ कापडात बांधलेले, ‘श्यामची आई’ मुलांसाठी, हरिभाऊ आपटे, खांडेकर आणि फडके आईसाठी, सरदेसायांच्या ‘रियासती’चे एक-दोन खंड वडिलांसाठी. नंतर सुट्टीत नागपूर-पुण्याला गेल्यावर घेतलेली ‘ययाति’, ‘स्वामी’, ‘मृत्युंजय’, ‘बटाट्याची चाळ’. दर वर्षीचे दोन-तीन दिवाळी अंक. मग मुलं हिंदी शाळांत शिकली, नातवंडं इंग्रजीत. मराठी बोलणं घरात टिकलं. वाचणं हळूहळू आजीपुरतं उरलं. काही वर्षांपूर्वी स्मार्ट सिटीच्या कामासाठी टी. टी. नगरातल्या जुन्या क्वार्टरांवर हातोडा पडला. घर रिकामं करण्याच्या धांदलीत भांडी, फर्निचर, देव्हारा यांचा विचार आधी होतो, पुस्तकांचा सर्वांत शेवटी.

अशा घरातून निघालेलं पुस्तक दुकानात किंवा फुटपाथवर येतं, तेव्हा ते कसं वाचायचं, याचीही एक विद्या आहे. मुखपृष्ठ बाजूला ठेवावं आणि आधी किंमत पाहावी. ‘रु. २-८-०’ असं छापलं असेल तर ते दोन रुपये आठ आणे. म्हणजे १ एप्रिल १९५७ला दशमान नाणी येण्याआधीची किंमत. ‘नवे पैसे’ लिहिलं असेल तर १९५७ ते १९६४ हा काळ. मग प्रकाशकाचा किंवा विक्रेत्याचा पत्ता पाहावा. शहराच्या नावापुढे सहा आकडी पिनकोड नसेल, तर पुस्तक बहुधा १५ ऑगस्ट १९७२च्या आधीचं, कारण पिनकोड त्या दिवशी सुरू झाला. मागच्या बाजूला आयएसबीएन असेल आणि तो दहा आकडी असेल, तर पुस्तक २००७च्या अलीकडचं नाही. इतकं पाहून झालं की शिक्का. ‘मध्यभारत’ असं नाव असलेला सरकारी शिक्का १९४८ ते १९५६ या आठ वर्षांतलाच असू शकतो, कारण त्या नावाचं राज्य तेवढीच वर्षं होतं. ‘भोपाळ राज्य’ असेल तर तोही १९५६च्या आधीचा. आणि शेवटी कोऱ्या पानावरचं हस्ताक्षर: मॅट्रिक पास झाल्याबद्दल, मुंजीची भेट, लग्नाची भेट, गाव आणि तारीख. नागपूरच्या दुकानाचं लेबल, ग्वाल्हेरच्या वाचनालयाचा शिक्का आणि भोपाळचा रद्दीवाला असा एकाच पुस्तकाचा प्रवास दोन पानांत मिळतो. सरकारच्या राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल जे मोठ्या अक्षरांत सांगतो, तेच इथे एका कुटुंबाच्या मापाने दिसतं.

रद्दीच्या दुकानात मात्र यातलं काहीच पाहिलं जात नाही. तिथे पुठ्ठ्याचा भाव वेगळा आणि कागदाचा वेगळा, म्हणून कडक बांधणीच्या पुस्तकाचं कव्हर आधी उचकटलं जातं. त्या एका झटक्यात शीर्षकपान, शिक्का आणि भेटीचा मजकूर बहुतेक वेळा पुठ्ठ्याबरोबर जातो. पुस्तक वाचण्याजोगं उरलं तरी ते कुठून आलं हे आता कुणालाही कळणार नाही. जुन्या पुस्तकांच्या चांगल्या विक्रेत्याचं कसब नेमकं इथे आहे. तो ढीग वजनाने विकत घेतो, पण पुठ्ठा निघण्याआधी त्यातलं काय वेगळं काढायचं, ते त्याला कळतं. अशा माणसांचं आपल्या वाङ्मयावर जे ऋण आहे, त्याची नोंद ग्रंथांच्या ऋणनिर्देशात क्वचितच होते, आणि हे न्यायाचं नाही.

मराठी कपाट हा भोपाळच्या ढिगातला एक थर झाला. त्याच्या खाली फार जुना आणि फार समृद्ध थर आहे तो उर्दूचा. या शहरावर शंभराहून अधिक वर्षं एकामागून एक चार बेगमांनी राज्य केलं आणि त्यांतल्या तिघींची लेखणी आजही वाचायला मिळते. सिकंदर बेगम १८६३-६४मध्ये हजला गेल्या. त्या प्रवासाचं त्यांचं वर्णन १८७०मध्ये लंडनहून इंग्रजीत प्रसिद्ध झालं. शहाजहान बेगमांनी भोपाळचा इतिहास लिहिला, ‘ताज-उल-इक्बाल’. त्याचा इंग्रजी अनुवाद १८७६मध्ये कलकत्त्यात छापला गेला. सुलतान जहाँ बेगमांनी आत्मचरित्र लिहिलं, स्त्रियांच्या शिक्षणावर आणि आरोग्यावर पुस्तकं लिहिली, आणि १९२०मध्ये अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या त्या पहिल्या कुलपती झाल्या. आपल्याकडे संस्थानिकांच्या शिकारीच्या आणि मेजवान्यांच्या गोष्टी खूप सांगितल्या जातात; गादीवर बसून राज्य करणाऱ्या आणि स्वतः ग्रंथ लिहिणाऱ्या बायकांची ही परंपरा मराठी वाचकाला अजून नीट ठाऊक नाही. शहरयार खान यांचं ‘द बेगम्स ऑफ भोपाल’ (२०००) आणि त्यांच्या आई आबिदा सुलतान यांचं ‘मेमॉयर्स ऑफ अ रेबेल प्रिन्सेस’ (२००४) ही त्यातली सहज मिळू शकणारी पुस्तकं. दोन्ही मराठीत यायला हवीत.

मराठी माणसाने हा थर वाचायला आणखी एक कारण आहे. डिसेंबर १७३७मध्ये पहिल्या बाजीरावाने निजामाला भोपाळमध्येच कोंडलं आणि जानेवारी १७३८मध्ये दुराहा सराईच्या तहात माळवा मराठ्यांच्या पदरात पडला, हे आपण शाळेत शिकतो. पण १८१२-१३मध्ये नागपूरकर भोसले आणि शिंदे यांच्या फौजांनी भोपाळला वेढा घातला होता आणि वजीर मुहम्मद खानाने उपाशीपोटी शहर लढवलं, हे भोपाळच्या इतिहासात अभिमानाने सांगितलं जातं. तिथे आपण तटाच्या बाहेर उभे आहोत. एका ढिगात ‘रियासती’चा खंड आणि भोपाळचा इतिहास शेजारी शेजारी सापडतात, तेव्हा त्याच शहराकडे दोन बाजूंनी पाहता येतं. नव्या पुस्तकांच्या दुकानात भाषेनुसार कपाटं असतात. दोन बाजूंनी पाहण्याची ही सोय तिथे होत नाही.

उर्दूबद्दल आणखी एक गोष्ट. सफिया अख्तर हमीदिया कॉलेजात शिकवत होत्या आणि मुंबईत असलेल्या नवऱ्याला, म्हणजे शायर जाँनिसार अख्तर यांना, भोपाळहून पत्रं लिहीत होत्या. १९५३च्या जानेवारीत त्या गेल्या. त्यानंतर ती पत्रं पुस्तकरूपाने आली आणि उर्दू गद्यात त्यांना मानाचं स्थान मिळालं. घर चालवणारी, नोकरी करणारी, आजारी बाई पोस्टाच्या कागदावर जे लिहिते, ते साहित्य ठरतं, याचा याहून चांगला दाखला सापडणं कठीण. घरात जुन्या पत्रांचा गठ्ठा निघाला, तर तो फेकण्याआधी हे आठवावं.

कथा-कादंबऱ्यांकडे वळलं की भोपाळ हिंदीत भेटतं. मंज़ूर एहतेशाम यांचं फर्निचरचं दुकान होतं आणि त्यांनी लिहिलेली ‘सूखा बरगद’ (१९८६) ही फाळणीनंतरच्या भारतात वाढलेल्या मुस्लिम मध्यमवर्गीय भाऊ-बहिणीची कादंबरी आहे. भोपाळचे मोहल्ले, कॉलेज, मैत्री आणि हळूहळू आत शिरणारी भीती असं सगळं त्यात आहे. या शहरावर एकच कादंबरी वाचायची असेल तर ती ही. दुष्यंतकुमार याच शहरात नोकरी करत होते. ‘साये में धूप’ हा त्यांचा गझलसंग्रह १९७५मध्ये आला आणि त्याच वर्षाच्या अखेरीला ते गेले. त्यांच्या नावाचं हस्तलिखितांचं संग्रहालयही भोपाळमध्येच आहे. लेखकाची वस्तू आणि लेखकाचा कागद जपायचा, याचं या शहराला एकूणच वेड आहे. विनोदी लेखक शरद जोशी (१९३१–१९९१) इथेच होते. महाराष्ट्रातल्या वाचकाने जुन्या पुस्तकांत हे नाव पाहिलं तर जरा थांबावं. शेतकरी संघटनेचे शरद जोशी वेगळे. मिश्र ढिगात दोघांचीही पुस्तकं निघू शकतात.

मालती जोशी तर आपल्याच. औरंगाबादला १९३४मध्ये जन्मल्या, मध्य प्रदेशात वाढल्या, हिंदीत घराघरांत वाचल्या गेल्या आणि मराठीतही त्यांनी लिहिलं. २०१८मध्ये पद्मश्री मिळाली. मध्यमवर्गीय घरातल्या सासू, सून, नणंद, मोठी मुलगी यांच्या मनातलं त्या लिहीत, आणि ती घरं बहुधा अशीच होती: आडनाव मराठी, अंगणातली भाषा हिंदी. समीक्षकांनी त्यांना ‘कौटुंबिक’ म्हणून बाजूला ठेवलं. जुन्या बाजारात मात्र त्यांच्या पुस्तकांच्या पानांचे कोपरे दुमडलेले आणि पाठीचे पुठ्ठे सैल झालेले दिसले, तर कुठलं पुस्तक खरोखर वाचलं गेलं, हे सांगायला समीक्षक लागत नाही.

दोन भाषांत वाटल्या गेलेल्या घरांचा सर्वांत मोठा दाखला म्हणजे मुक्तिबोध. गजानन माधव १९१७मध्ये श्योपूरला जन्मले आणि हिंदीचे श्रेष्ठ कवी झाले. त्यांचे धाकटे भाऊ शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीत कवी, कादंबरीकार आणि समीक्षक झाले. ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ या त्यांच्या पुस्तकाला १९७९चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यांच्या ‘क्षिप्रा’ या कादंबरीचं नावच उज्जैनच्या नदीचं. १९६४मध्ये गजानन माधव आजारी पडले तेव्हा त्यांना भोपाळच्या हमीदिया रुग्णालयात आणलं होतं. तिथून दिल्लीला नेलं आणि तिथे त्यांचा शेवट झाला. ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ हा त्यांचा पहिला कवितासंग्रह छापून आला तो त्याच वर्षी, पण तो पाहणं त्यांच्या नशिबी नव्हतं. एका घरातल्या दोन भावांची पुस्तकं आज दोन वेगवेगळ्या भाषांच्या दुकानांत असतात. ती एकत्र दिसण्याची शक्यता कुठे असेल, तर भोपाळ, इंदूर किंवा उज्जैनमधल्या एखाद्या जुन्या घराच्या कपाटात. बैतूल जिल्ह्यातले चंद्रकांत देवताले हेही याच परंपरेतले. हिंदीत कविता लिहिता लिहिता त्यांनी दिलीप चित्रे यांच्या कविता हिंदीत नेल्या.

जुन्या पुस्तकांत ‘कथेतर’ म्हणून जे येतं, त्याची व्याप्ती इतकी मोठी की इथे थोडीच नावं घेता येतील. ई. एम. फॉर्स्टर हे १९२१मध्ये देवास थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार यांचे खाजगी सचिव होते. तिथून घरी लिहिलेली पत्रं त्यांनी १९५३मध्ये ‘द हिल ऑफ देवी’ या नावाने छापली. भोपाळ-इंदूर रस्त्यावरच्या त्या मराठा दरबारातला गोकुळअष्टमीचा उत्सव त्यांनी बारकाईने टिपला आणि त्याचा उपयोग ‘अ पॅसेज टू इंडिया’च्या शेवटच्या भागात केला. जगभर वाचल्या जाणाऱ्या कादंबरीतला तो उत्सव मराठी घराण्याच्या देवघरातला आहे. विष्णू श्रीधर वाकणकर यांनी १९५७मध्ये भोपाळच्या दक्षिणेला भीमबेटकाच्या चित्रगुहा शोधल्या. रॉबर्ट ब्रुक्स यांच्यासोबतचं त्यांचं ‘स्टोन एज पेंटिंग इन इंडिया’ (१९७६) जुन्या बाजारात दिसलं तर किमतीची घासाघीस न करता घ्यावं. भीमबेटका २००३मध्ये जागतिक वारसा ठरलं, पण ज्याने त्या गुहा स्वतः पायी फिरून पाहिल्या, त्याचा हात त्या पुस्तकात आहे.

कोणती आवृत्ती, हेही पाहावं लागतं. विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ हा १८५७च्या धामधुमीत ग्वाल्हेर-झाशीकडे गेलेल्या वरसईच्या भिक्षुकाचा वृत्तांत. तो १९०७मध्ये चिंतामणराव वैद्यांनी प्रसिद्ध केला, पण मजकुरावर हात फिरवून. मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती दत्तो वामन पोतदार यांनी काढली ती १९६६मध्ये. दोन्हींवर नाव एकच. दुकानदार दोन्ही सारख्याच भावाने देईल. वाचणाऱ्याने शीर्षकपान पाहिलं तरच त्याला हवं ते मिळेल.

याउलट काही पुस्तकांचं आयुष्य एका तारखेने बदलतं. एम. पी. नगरात स्पर्धा परीक्षांचे आणि प्रवेशपरीक्षांचे क्लास दाटीने आहेत, आणि जिथे क्लास तिथे वापरलेल्या अभ्यासक्रमी पुस्तकांची उलाढाल. १ जुलै २०२४ला भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. भारतीय दंड संहितेवरचे जाडजूड भाष्यग्रंथ विद्यार्थ्यांनी लगोलग विकायला काढले. पण त्या तारखेआधीच्या गुन्ह्यांचे खटले जुन्याच कायद्याने चालतात; म्हणजे वकिलाला तो ग्रंथ पुढली कित्येक वर्षं लागणार. जुनं झालं म्हणजे निरुपयोगी झालं, हा हिशेब इथे सरळ सरळ खोटा ठरतो.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगायला हवी. फुटपाथवर चकचकीत प्लास्टिकमध्ये गुंडाळून अर्ध्या किमतीत मिळणारी ताजी लोकप्रिय पुस्तकं ही जुनी पुस्तकं नव्हेत. मुखपृष्ठावरची अक्षरं किंचित फुटलेली, आतला छाप कुठे फिका कुठे गडद, कागद पातळ, मागची पानं सुटायला लागलेली, असं असेल तर ती चोरून छापलेली प्रत आहे. त्यातला एक पैसाही लेखकाला मिळत नाही. वापरलेलं पुस्तक विकणं कायदेशीर आहे, त्या प्रतीचे पैसे लेखकाला एकदा मिळालेले आहेत. दोन्हींना एकाच नावाने ओळखणं हा जुन्या पुस्तकांच्या प्रामाणिक विक्रेत्यावर अन्याय आहे.

आणि आता त्या गोष्टीकडे यायला हवं, जिच्यामुळे जगाला भोपाळ हे नाव माहीत झालं.

२ आणि ३ डिसेंबर १९८४च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला. हजारो माणसं मेली, लाखो बाधित झाली. पण हे होऊ शकतं, हे त्याआधीच छापून आलेलं होतं. राजकुमार केसवानी नावाचा तिशीतला पत्रकार ‘रपट’ नावाचं छोटं साप्ताहिक चालवत होता. १९८२च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये त्याने त्या कारखान्यातल्या धोक्याबद्दल लागोपाठ लिहिलं. शहराने लक्ष दिलं नाही. जून १९८४मध्ये त्याने ‘जनसत्ता’त पुन्हा लिहिलं. त्याच महिन्यात त्याच शहरात सप्रे संग्रहालय सुरू होत होतं. सहा महिन्यांनी ती रात्र आली.

‘रपट’ हे थोड्या प्रतींचं साप्ताहिक होतं. वाचून झालं की असे अंक कुठे जातात, हे प्रत्येक घराला माहीत आहे. चिवडा बांधायला, कपाटात अंथरायला, रद्दीत. जगातल्या सर्वांत मोठ्या औद्योगिक दुर्घटनेचा इशारा अशा कागदावर होता. कुणाचा तरी अंक शाबूत राहिला म्हणूनच ‘कुणालाच कल्पना नव्हती’ असं म्हणण्याची सोय उरली नाही. जुना कागद का जपायचा, या प्रश्नाला याहून मोठं उत्तर निदान या शहरात तरी नाही.

त्यानंतर भोपाळवर जगभर पुस्तकं लिहिली गेली. दोमिनिक लापिएर आणि हाविएर मोरो यांचं ‘फाइव्ह पास्ट मिडनाइट इन भोपाल’ सगळ्यांत जास्त खपलं. ते ओघवतं आहे, वाचकाला धरून ठेवतं. पण इंद्र सिन्हा यांची ‘अ‍ॅनिमल्स पीपल’ (२००७) ही कादंबरी अधिक खोल जाते. बुकरच्या अंतिम यादीत ती पोचली होती. तिच्यात शहराचं नाव बदलून ‘खौफपूर’ केलेलं आहे आणि गोष्ट सांगतो तो वायूने पाठीचा कणा वाकवलेला, हातापायांवर चालणारा मुलगा. त्याला दया नको आहे. त्याला जगायचं आहे, प्रेम करायचं आहे, शिव्या द्यायच्या आहेत. याखेरीज पत्रकं, संघटनांच्या पुस्तिका, वैद्यकीय पाहणीचे अहवाल, मोर्च्यांची हँडबिलं असं कितीतरी बांधणी नसलेलं साहित्य त्या वर्षांत निघालं. त्याला ना आयएसबीएन, ना किंमत. ते ग्रंथालयात नोंदलं जात नाही आणि दुकानात ठेवलं जात नाही. गॅसपीडितांच्या वस्तू आणि आठवणी जपणारं ‘रिमेंबर भोपाळ’ संग्रहालय डिसेंबर २०१४मध्ये उघडलं, तेही लोकांनी आपल्या घरातून आणून दिलेल्या वस्तूंवरच उभं आहे.

२०२१च्या एप्रिलमध्ये मंज़ूर एहतेशाम गेले, मेमध्ये राजकुमार केसवानी. एकाने शहराची कथा लिहिली, दुसऱ्याने शहराला वेळेवर सावध केलं. दोघांच्याही पुस्तकांच्या नव्या प्रती मागवता येतील तितक्या मागवाव्यात. पण त्यांच्या पिढीने वाचलेली, खुणा केलेली, समासात वाद घातलेली पुस्तकं आता घराघरांतून बाहेर पडत आहेत, आणि ती पुन्हा छापता येणार नाहीत.

भोपाळच्या पावसाळ्यात दमट हवेने पानं चिकटतात, कसर लागते; गेल्या शतकातल्या लाकडी लगद्याच्या कागदात आम्ल असतं, तो पिवळा पडून कडेने तुटतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कागदावर नियंत्रण होतं, तेव्हाची पुस्तकं तर आज हातात धरवत नाहीत. म्हणजे वाट पाहायला फारसा वेळ नाही.

तेव्हा वाचकाला एकच विनंती. भोपाळ, इंदूर, ग्वाल्हेर, जबलपूर, किंवा महाराष्ट्राबाहेर कुठेही आपल्या नात्यातलं जुनं घर रिकामं होत असेल, तर रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी एक दुपार काढावी. प्रत्येक पुस्तकाचं पहिलं पान उघडावं, शिक्का, तारीख आणि भेटीचा मजकूर यांचा मोबाइलवर फोटो काढावा. स्थानिक वर्तमानपत्रं, साप्ताहिकं, स्मरणिका, संस्थांचे वार्षिक अहवाल, पत्रं आणि डायऱ्या आधी बाजूला काढाव्यात, कारण कादंबरीची दुसरी प्रत कुठेतरी असते, यांची नसते. सप्रे संग्रहालयासारख्या संस्थेला, शहरातल्या मराठी वाचनालयाला किंवा विद्यापीठाच्या विभागाला विचारावं. उरलेली पुस्तकं जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्याला द्यावीत, म्हणजे ती वाचकापर्यंत पोचतील. वजनकाट्यावर ठेवायचं ते त्यानंतर.